पालिकेच्या वहीखात्यावर नजर कोणाची?

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, मालमत्ता कराचे बिल आले की आम्ही सगळेच आधी आकडा पाहतो, कपाळाला आठ्या घालतो, भरणा करतो आणि पावती फाइलला लावतो. महापालिकेशी आमचा हिशेब तिथेच संपतो. कापडाच्या धंद्यात मात्र आम्ही असे कधी करत नाही. भिवंडीहून गाठ आली की बिल एका हातात आणि मोजपट्टी दुसऱ्या हातात असते. ताग्यात मीटर कमी निघाला तर त्याच दिवशी फोन जातो. मग ज्या संस्थेला आम्ही दर वर्षी पैसे मोजून देतो, तिची सेवा मोजून का घेत नाही?

जकातीच्या काळी ही बेफिकिरी परवडत नव्हती. माल नाक्यावर अडला की कोणत्या मालावर किती पैसे गेले, हे मुनिमालाही तोंडपाठ असे. पुढे एलबीटी आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला त्यातून सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. आता आमचा कर सरकारी तिजोरीत जातो आणि तिथून भरपाई म्हणून महापालिकेकडे येतो. पैसा आमचाच आहे, पण वाट लांबची झाल्याने तो आमचा वाटत नाही. नाका उठला आणि आमचे लक्षही उठले.

आता हा कारभार चालतो कसा ते पाहू. महापालिकेचा कायदा १९४९ सालचा आहे. त्यानुसार आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात. या समितीत १६ नगरसेवक असतात. त्या फेरफार सुचवतात, मग सर्वसाधारण सभा मंजुरी देते. मोठे ठेके स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय देता येत नाहीत. शिवाय मुख्य लेखापरीक्षक असतो. तो हिशेब तपासतो आणि आपला अहवाल स्थायी समितीला देतो. थोडक्यात, खर्च करणारा वेगळा, परवानगी देणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. आमच्या पेढीवरही गल्ल्यावर बसणारा आणि वही तपासणारा एकच असला तर घरचे लोक नाराज होतात. इथे कायद्याने तीच काळजी घेतली आहे.

पण कल्याण-डोंबिवलीत ही व्यवस्था बराच काळ कागदावरच राहिली. महापालिका १ ऑक्टोबर १९८३ ला स्थापन झाली, पण पहिली निवडणूक झाली १९९५ मध्ये. सुरुवातीची बारा वर्षे प्रशासकाच्या कारभारात गेली. पुढे २०१५ च्या निवडणुकीतून आलेल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, आणि पुन्हा पाच वर्षांहून अधिक काळ सभागृह नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये राज्यातल्या रखडलेल्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. मधल्या काळात सभागृहाचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाकडे होते. म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा हात एकच. तो हात कितीही स्वच्छ असला तरी प्रश्न विचारणारे समोर कोणी नव्हते. लेखापरीक्षकाने आक्षेप लिहिला तरी त्यावर चर्चा करायची कोणी?

पैशाची देखरेख सैल झाली की सेवा बिघडते, हे सर्वांना कळते. सेवा बिघडली की पैसाही आटतो, हे मात्र कल्याणकरांनी २०१५ मध्ये अनुभवले. आधारवाडीच्या कचराभूमीवर कचऱ्यावर नीट प्रक्रिया होत नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षी एप्रिलमध्ये महापालिका हद्दीत नव्या बांधकामांच्या परवानग्यांना मनाई केली. ती २०१६ मध्ये उठली. बांधकाम परवानगीचे शुल्क ही पालिकेची मोठी मिळकत. इमारत उभी राहत नाही म्हटल्यावर सुतार, फरशीवाला, रंगारी, ग्रिल बनवणारा वेल्डर आणि शेवटी पडद्याचे कापड विकणारा, सर्वांच्या धंद्याला झळ लागते. कचरा आधारवाडीत साठला आणि दंड सर्व शहराने भरला. आधारवाडीत कचरा टाकणे अखेर २०२१ मध्ये बंद झाले.

सेवा मोजायचे मापही तयार आहे. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये पाणी, मलनिस्सारण, घनकचरा आणि पावसाळी गटारे या चार सेवांसाठी २८ निकष ठरवून दिले. माणशी रोज १३५ लिटर पाणी, गळती आणि चोरीचे पाणी २० टक्क्यांच्या आत, १०० टक्के घरांतून कचरा उचलणे, असे त्यात साधे आकडे आहेत. मोहल्ल्यात नळाला किती वेळ पाणी येते, हे आमच्या घरच्या बायकांना कोणत्याही अभियंत्यापेक्षा चांगले माहीत आहे. तो आकडा कागदावर उतरवायचा राहिला आहे. पंधराव्या वित्त आयोगानेही शहरांना अनुदान देताना अट घातली होती की लेखापरीक्षण झालेले हिशेब सर्वांना पाहता येतील असे प्रसिद्ध झाले पाहिजेत. म्हणजे ही वही झाकून ठेवण्याची चीज नाही.

मग आम्ही करायचे काय? अंदाजपत्रकाचे पुस्तक हाती घ्या आणि घोषणा वाचू नका. रकाने वाचा. एकाच बाबीपुढे मागील वर्षाचा प्रत्यक्ष आकडा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असतो. गटारदुरुस्तीसाठी दर वर्षी मोठी रक्कम धरली आणि प्रत्यक्षात निम्मीच खर्च झाली, तर तो अंदाज नुसता दुकानातला शोकेस समजावा. वसुलीचा रकानाही तपासा. वसुली फुगवून धरली की मार्चमध्ये ठेकेदाराची बिले अडकतात आणि त्याच्या हाताखालच्या कारागिराची मजुरीही.

लेखापरीक्षण अहवालातले जुने, न सुटलेले आक्षेप पाहावेत. ते मिळत नसतील तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या अर्जावर मागता येतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दाखले आणि परवाने अडत असतील तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेची मुदत ठरलेली असते, ती चुकली तर अपील करता येते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दलालाच्या हातावर पैसे ठेवण्याआधी हा रस्ता चालून पाहावा.

हे एकट्यादुकट्याचे काम नाही. दूधनाका असो की वलीपीर रोड, प्रत्येक बाजारातल्या संघटनेने हिशेब समजणारी दोन शिकलेली मुले या कामाला लावावीत. वर्षातून एकदा त्यांनी अंदाजपत्रकातून आपल्या प्रभागाची पाने काढून सर्वांना वाचून दाखवावीत. नगरसेवक मत मागायला दारात येतो, तेव्हा हार घालण्याआधी त्याला विचारावे : साहेब, आमच्या गटारासाठी मंजूर किती झाले आणि खर्च किती झाले? उत्तर नसेल तर पुस्तक त्याच्या हातात द्यावे आणि पान दाखवावे.