घाटात जुनी पद्मिनी बंद पडली? आधी ‘करंट’ तपासा

मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी हौशी मालकांकडे मात्र अजूनही आहे. पावसाळा लागला की कुणी मुरबाडमार्गे माळशेजला निघतं, तर कुणी शहापूरवरून कसारा घाटाकडे. धुकं, पाऊस, वळणं आणि मागून येणारे ट्रक. अशा ठिकाणी इंजिन बंद पडणं धोक्याचं असतं. बिघाड इग्निशनचा असेल, तर तो शोधायचा एक ठरलेला क्रम आहे.

ठिणगी पडते कशी?

१२ व्होल्टच्या बॅटरीतून वीज कॉइलमध्ये जाते. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की हा प्रवाह तुटतो आणि कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. रोटर तो दाब पाळीपाळीने चार प्लगना पोचवतो. पॉइंट उघडताना जळू नयेत, प्रवाह झटक्यात तुटावा, हे काम कंडेन्सरचं. या साखळीतली एक कडी निसटली तरी गाडी बंद.

आधी सुरक्षा

गाडी रस्त्याच्या कडेला घ्या, हँडब्रेक लावा, चाकामागे दगड ठेवा. पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगीची चाचणी करू नका. प्लगची वायर उघड्या हाताने धरू नका.

शोध कसा घ्याल?

१. स्टार्टर फिरतो का? फिरत नसेल किंवा हेडलाइट मंद असेल, तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल बघा.

२. प्लगला करंट येतो का? एका प्लगची वायर काढून ती जवळच्या जादा प्लगला जोडा. त्या प्लगचा धातूचा भाग इंजिनला टेकवा आणि स्टार्टर मारा. निळी, कडक ठिणगी पडली तर करंट पोचतोय; आता पेट्रोल तपासा. उन्हाळ्यात चढावर पेट्रोल पंप तापून त्यात वाफ अडकते. पंपावर ओलं फडकं ठेवायचा जुना उपाय त्यासाठीच.

३. ठिणगी नाही? कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून काढा आणि तिच्यावर तीच चाचणी करा. इथे ठिणगी असेल तर दोष कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरींमध्ये आहे. पावसात बहुतेकदा कॅपमध्ये ओल शिरलेली असते. ती कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसा. तडा किंवा काळी रेघ दिसली तर कॅप बदला. वायरी काढताना खुणा करा. पद्मिनीचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे.

४. इथेही ठिणगी नाही? चावी ऑन करून टेस्ट लॅम्प लावा. कॉइलच्या प्लस टोकाला दिवा लागला नाही, तर चावी, फ्यूज किंवा वायरिंगमध्ये दोष आहे. प्लसला लागत असेल तर मायनस टोकाला लावून स्टार्टर मारा. दिवा लुकलुकला तर पॉइंट उघड-मीट करताहेत. सतत पेटून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा काळे पडलेत. लागलाच नाही तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर शॉर्ट आहे किंवा कॉइलची आतली तार तुटली आहे.

पॉइंट, कंडेन्सर की कॉइल?

काळे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून फीलर गेजने गॅप लावा. तो साधारण ०.४ ते ०.५ मिमी असतो. गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम. नवे पॉइंट लवकर जळत असतील तर संशय कंडेन्सरवर घ्या. गाडी तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर कॉइल तपासा. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवली आणि पॉइंट मिटलेले असले, तर कॉइल विनाकारण तापते.

डिकीत काय असावं?

पॉइंट, कंडेन्सर, रोटर, एक प्लग, टेस्ट लॅम्प, फीलर गेज, कोरडं फडकं. गाडी जुनी, त्यामुळे वाटेवरच्या गॅरेजात हे सुटे भाग मिळतीलच असं नाही. कारण न शोधता एकेक भाग बदलत गेलं तर पैसे जातात आणि खरा दोष तसाच राहतो.