देवाचा काटा

बायबलमधल्या प्रकटीकरणातली, न्यायाच्या वेळी उघडलेली पुस्तकं आज वाचायची असं ठरलं होतं. ती आठवडाभर मिटलेलीच राहू द्या. रविवारी वाइल्डर मेमोरियल चर्चच्या बाहेर एका वाचकांनी गाठलं. यांचं उभं आयुष्य शाहूपुरीत गुळाचे रवे तोलण्यात गेलं. म्हणाले, "काय ओ सर, देव पाप तोलतो म्हणता, पण काटा कुठाय त्याच्याकडं?"

काटा आहे, पण तो आधी दुकानात टांगलेला आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात पिशवीत दोन तऱ्हेची वजनं बाळगायला मनाई केली आहे. मूळ हिब्रूत वजनाला शब्द आहे 'एवेन', म्हणजे साधा दगड. यहूदियाच्या उत्खननांत असे दगड मिळाले आहेत. चुनखडीचे, बूड सपाट, माथा घुमटासारखा. शेकेल हे तिथलं वजन; एक शेकेल भरतो ११ ग्रॅमच्या थोडा वर, म्हणजे जवळपास आपला जुना तोळाच. बूड जरा घासलं की झाला हलका.

दोन वजनं कशाला, हे आमोस संदेष्टा सांगतो. त्याच्या काळी नाणी नव्हती. गिऱ्हाईक चांदी तोलून द्यायचं. म्हणून धान्य मापायचा एफा लहान ठेवायचा आणि चांदी तोलायचा शेकेल मोठा. दोन्हीकडून गरीबच नागवला जातो. शब्बाथ कधी एकदा संपतोय आणि दुकान उघडतोय, अशी या व्यापाऱ्यांना घाई. आणि देवाचा संताप केवढा? हे कधीच विसरणार नाही अशी शपथ, थरथरणारी भूमी, भर दुपारी सूर्यास्त. काटा मारल्याबद्दल! मला तर आमोसचा हा आठवा अध्याय साऱ्या नरकवर्णनांपेक्षा जास्त धाक घालतो.

हाच काटा दानीएलाच्या पाचव्या अध्यायात राजवाड्यात जातो. बाबेलचा राजा बेलशस्सर यरुशलेमच्या मंदिरातल्या पात्रांतून मद्य पितोय आणि भिंतीवर एक हात लिहितोय: मने, मने, तकेल, ऊफारसीन. क्लेर्मों-गानो या फ्रेंच पंडितानं १८८६ मध्ये दाखवून दिलं की ही वजनांची नावं आहेत: मीना, शेकेल आणि अर्धा. म्हणजे भिंतीवर जणू 'मण, मण, शेर, अर्धा' एवढंच. बाबेलच्या ज्ञान्यांना त्यातून काही उलगडेना, यात नवल ते काय! दानीएलानं त्या नामांची क्रियापदं केली: मोजलं, तोललं, वाटून टाकलं. राजा वजनात उणा भरला आणि त्याच रात्री मारला गेला.

यशयाच्या ४०व्या अध्यायात तर सगळी राष्ट्रं मिळून पारड्यावरची धूळ ठरतात. आपण म्हणू, पासंगालाही पुरत नाहीत.

हे सांगितल्यावर तोलाईदारांनी विचारलं, "पण देवाच्या काट्याचा पासंग कोण बघणार?" यावर मी त्यांना ईयोब सांगितला. एकतिसाव्या अध्यायात हा माणूस स्वतःच म्हणतो, मला खऱ्या काट्यावर तोला. ते जरा थांबले. "३० किलोचा रवा असा कधी बोलला नाही," म्हणाले.

पुस्तकं पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर कुणाच्या माळ्यावर जुनी दगडी वजनं पडली असतील तर कळवा, येऊन हातात घेऊन बघीन म्हणतो.