पेटीत टाकलेल्या कपड्याचे काय होते?

फास्ट फॅशनच्या अनेक दुकानांत जुने कपडे टाकण्यासाठी एक पेटी ठेवलेली असते. तिच्यामुळे एक समज घट्ट बसला आहे: पेटीत टाकलेल्या कपड्याचा पुन्हा कपडा होतो, तेव्हा नवा घ्यायला हरकत नाही. काही दुकाने तर जुना कपडा आणणाऱ्याला पुढच्या खरेदीवर सवलत देतात. म्हणजे कचरा कमी करण्याच्या नावाखाली विक्रीच वाढते. शाश्वत फॅशनविषयीचे बाकीचे गैरसमज सौम्य म्हणावेत इतका हा नुकसानकारक आहे.

एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार, जगभर कपड्यांसाठी लागणाऱ्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यात येतो. कारण साधे आहे. सुती कापड यंत्रात पिंजले की तंतू तुटून आखूड होतो आणि आखूड तंतूचे सूत कच्चे निघते. त्यात नवा कापूस किंवा पॉलिएस्टर मिसळावेच लागते. हे झाले निव्वळ सुती कपड्याचे. आजच्या जीन्समध्ये ताणासाठी थोडे इलॅस्टेन असते, शिवणीचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा, चेन आणि रिव्हेट धातूचे. टी-शर्टावरची छपाई प्लॅस्टिकची. हे सगळे सुटे करण्याची मजुरी नव्या टी-शर्टाच्या किमतीला परवडत नाही.

रसायनांच्या साहाय्याने सुती कपड्यांचा लगदा करून त्यापासून नवा तंतू काढता येतो, हे खरे. स्वीडनमधल्या रीन्यूसेल कंपनीने त्यासाठी सुंड्सवाल येथे मोठा कारखाना उभारला, तो २०२२ मध्ये सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तंत्र चालत होते. त्या लगद्याला पुरेशी मागणी मात्र आली नाही.

हरियाणातल्या पानिपतचे उदाहरण या वादात हमखास पुढे केले जाते. तिथे परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे रंगांनुसार निवडतात, बटणे आणि चेन काढून टाकतात, कपडे पिंजून त्यांचे सूत काततात. रंग आधीच जुळवलेला असल्याने पुन्हा रंगवण्याची गरज फारशी उरत नाही. या सुताची मुख्यतः घोंगडी आणि स्वस्त ब्लँकेटे होतात. धंदा मोलाचा आहे, पण त्यातून कोटाचा कोट होत नाही. कोटाचे ब्लँकेट होते, आणि तिथेच ही साखळी थांबते.

मग बाकीचे कपडे जातात कुठे? जे धड असतात ते गठ्ठे बांधून निर्यात होतात. घानाची राजधानी आक्रा येथील कांटामांटो बाजारात दर आठवड्याला सुमारे दीड कोटी जुने कपडे येतात, असा तिथे काम करणाऱ्या ‘द ऑर फाउंडेशन’चा अंदाज आहे. न विकलेला माल गटारांत आणि समुद्रकिनाऱ्यावर पोचतो. चिलीत इकिके बंदरात उतरलेल्या कपड्यांपैकी न खपलेले आल्तो ओस्पिसिओजवळच्या अटाकामा वाळवंटात फेकले गेले. त्यांच्या ढिगाऱ्यांची छायाचित्रे जगभर पोचली आहेत. पेटीत कपडा टाकणाऱ्याने ती एकदा पाहावीत.

महाराष्ट्रात बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देत आली, तेव्हा आपल्याकडे हे सगळे आधीपासूनच आहे, असेही म्हटले जाते. पण बोहारीण कपडा उलटसुलट करून पारखते. टिकाऊ असेल तरच तो पुन्हा विकला जातो. सुती साडीची गोधडी होते, कारण ते न कापलेले, एकाच तंतूचे, मऊ पडलेले लांबरुंद कापड असते. दोन धुण्यांत गोळे धरणाऱ्या मिश्र टी-शर्टाची गोधडी होत नाही.

म्हणून कपड्याचे भवितव्य तो बेततानाच ठरते. शाश्वत डिझाइनचा फास्ट फॅशनला खरा विरोध तिथे आहे. एकाच तंतूचे कापड आणि त्याच तंतूचा दोरा, उसवून काढता येतील अशी बटणे, अंग वाढले तर सैल करता यावे म्हणून शिवणीच्या आत राखलेले कापड, रफू करता येईल अशी वीण. कापड बेतताना साधारण १५ टक्के कातरणात जाते, असा प्रचलित अंदाज आहे; टिमो रिसानेनसारखे डिझायनर सगळे तुकडे एकमेकांत बसतील असा कपडा बेततात. ब्रिटनच्या ‘रॅप’ संस्थेने २०१२ मध्ये दाखवले की कपडा नऊ महिने जास्त वापरला तर त्याचा कार्बन, पाणी आणि कचरा यांचा भार २० ते ३० टक्क्यांनी उतरतो. जगाची चाल मात्र उलटी आहे: २००० ते २०१५ या काळात कपड्यांचे उत्पादन जवळपास दुप्पट झाले आणि एक कपडा टाकून देण्याआधी जितक्या वेळा घातला जाई, ते प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले.

इतर समज थोडक्यात. बाटल्यांपासून केलेले पॉलिएस्टर चक्र पूर्ण करत नाही. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकली असती, त्या कापडाचे पुढे सहसा काहीच होत नाही. ‘नैसर्गिक’ तंतू म्हणजे निरुपद्रवी, हेही चूक. अरल समुद्र आटला तो मुख्यतः कापसासाठी वळवलेल्या नद्यांमुळे. शाश्वत कपडे श्रीमंतांनाच परवडतात, हे म्हणणाऱ्यांनी कपाटात आधीच असलेला कपडा हिशेबात धरलेला नसतो.

शेवटचा गैरसमज फास्ट फॅशनच्या विरोधकांनीच पसरवला आहे: फॅशन हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा प्रदूषणकारी उद्योग. या वाक्याला विश्वासार्ह आधार नाही. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि अ‍ॅपरल इम्पॅक्ट इन्स्टिट्यूट यांच्या २०२१ च्या अहवालाने वस्त्रोद्योगाचे उत्सर्जन २०१९ साठी सुमारे १०२.५ कोटी टन, म्हणजे जगाच्या साधारण २ टक्के धरले. हा आकडा लहान नाही. तोच वापरावा.