सोने लुटताना आपटा ओळखा

अश्विन शुद्ध दशमी म्हणजे विजयादशमी. साडेतीन मुहूर्तांपैकी एक असलेला हा दिवस महाराष्ट्रात सरस्वतीपूजन, शस्त्रपूजन आणि सीमोल्लंघनाने साजरा होतो. सायंकाळी गावाची वेस ओलांडून शमीची पूजा करायची व परतल्यावर वडीलधाऱ्यांना आपट्याची पाने देऊन नमस्कार करायचा, अशी जुनी रीत आहे.

कौत्साची कथा

वरतंतू ऋषींनी कौत्स या शिष्याकडे १४ विद्यांची गुरुदक्षिणा म्हणून १४ कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. कौत्स रघुराजाकडे गेला. पण विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केल्याने राजाचा खजिना रिता होता. रघूने कुबेरावर स्वारीची सिद्धता करताच कुबेराने सुवर्णवृष्टी केली. कालिदासाच्या 'रघुवंशा'त ही वृष्टी राजाच्या कोषागारात होते. लोककथेत मात्र ती आपट्याच्या झाडावर होते. कौत्साने गुरुदक्षिणेपुरतेच सोने घेतले आणि उरलेले प्रजेने लुटले. पाने 'लुटण्या'ची प्रथा त्यातून आली, असे मानतात.

आपटा की कांचन?

शहरांतील बाजारात सोने म्हणून विकली जाणारी पाने पुष्कळदा आपट्याची नसून कांचनाची असतात. दोन्ही वृक्ष एकाच कुळातील असल्याने जोडपानाचा आकार सारखा दिसतो. आपट्याचे पान लहान, जाडसर, खरखरीत व लांबीपेक्षा किंचित रुंद असते. कांचनाचे मोठे आणि पातळ असते. आपट्याची फुले बारीक, पांढरट; कांचनाची मोठी, बहुधा गुलाबी वा जांभळट असतात.

या गैरसमजाचा फटका दोन्ही वृक्षांना बसतो. दसऱ्याच्या आदल्या दिवसांत फांद्याच्या फांद्या तोडून पोत्यांनी शहरात आणल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी तीच पाने कचराकुंडीत दिसतात. संस्कृतात 'अश्मंतक' म्हटल्या जाणाऱ्या आपट्याला आयुर्वेदात औषधी मानले आहे. त्याच्या सालीपासून दोरांसाठी चिवट धागाही मिळतो.

सोने देण्यामागचा हेतू स्नेहाचा आहे. त्यासाठी घरातील ज्येष्ठांच्या हाती एक पान ठेवले तरी पुरते. हौस मोठी असेल, तर पानांच्या जुडीऐवजी आपट्याचे रोप द्यावे. कोरड्या, हलक्या जमिनीतही हे झाड तग धरते. कथेतील कौत्सानेही गरजेपेक्षा अधिक घेतले नव्हते.