पी-53चे ठोके मोजणारी समीकरणं

पेशीतला डीएनए तुटला की पी-53 नावाचं प्रथिन जागं होतं. ते पेशीचं विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ मिळवून देतं; नुकसान आवाक्याबाहेर असेल तर पेशीला मरायला लावतं. माणसांतल्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये याचाच जनुक बिघडलेला सापडतो.

खरी गंमत पुढे आहे. पी-53 पेशीला एमडीएम-2 हे दुसरं प्रथिन बनवायला लावतं आणि एमडीएम-2 उलट पी-53चाच नाश घडवून आणतं. या देवाणघेवाणीत थोडा उशीर होतो, म्हणून दोन्ही पातळ्या वर-खाली हेलकावू लागतात. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी 2000 साली हे चक्र समीकरणांत मांडलं. पुढे 2004 मध्ये गालित लहाव, उरी आलोन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या एकेका जिवंत पेशीत चमकती प्रथिनं जोडून ते डोळ्यांनी पाहिलं. डीएनए तोडणाऱ्या किरणांची मात्रा वाढवली, तरी या हेलकाव्यांची, म्हणजे पी-53च्या ठोक्यांची, सरासरी उंची तेवढीच राहिली. वाढली ती ठोक्यांची संख्या! हजारो पेशींची सरासरी काढली की हा ताल पुसट होऊन जातो.

2012 मध्ये हार्वर्डमधल्या लहाव यांच्या गटाने अशाच समीकरणांच्या मॉडेलवरून न्यूटलिन या रसायनाचं वेळापत्रक आखलं: केव्हा, किती द्यावं म्हणजे पी-53ची पातळी हेलकावे न खाता चढीच राहील. ठोके पडणाऱ्या पेशी बऱ्याचदा सावरून पुन्हा विभाजू लागल्या. पातळी चढी ठेवलेल्या पेशींपैकी बहुतेकींचं विभाजन मात्र कायमचं थांबलं.