मालचा महालातलं अवध

दिल्लीच्या 'रिज' या टेकड्यांवर फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात शिकारीसाठी काही इमारती बांधल्या. भूली भटियारी, कुश्क महाल आणि मालचा महाल त्यांतलेच. मालचा सगळ्यांत आडबाजूला, सरदार पटेल मार्गापासून आत, झाडीत. दगडी कमानी, जाड भिंती, नक्षीकाम जवळजवळ नाहीच. १९८५ साली तिथे 'अवधचं राजघराणं' राहायला आलं.

त्याआधी दहाएक वर्षं या घराण्याचा दरबार नवी दिल्ली स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये भरत असे. बेगम विलायत महाल, मुलगी सकीना, मुलगा अली रझा, शिवाय नोकर, गालिचे आणि कुत्रे. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं, आम्ही अवधचा शेवटचा नवाब वाजिद अली शाह याचे वारस, आमची मालमत्ता परत करा, असा हट्ट. याच काळात, १९७७ साली, सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाडी' आला. पडद्यावर वाजिद अली शाह राज्य गमावत होता, आणि त्याच्या नावाने हक्क सांगणारी बाई फलाटाशेजारी ठाण मांडून होती! परदेशी वार्ताहरांना तर पर्वणीच. वाजिद अली शाह हद्दपारीत कलकत्त्याला राहिला; तिथल्या त्याच्या वंशजांनी बेगमचा दावा कधीच मानला नाही, पण त्यांचं ऐकतो कोण?

सरकारने अखेर मालचा देऊ केला. वीज नाही, पाणी नाही, दारंसुद्धा नाहीत. स्टेशन मोकळं झालं, हा सरकारचा खरा फायदा. बेगमने १९९३ मध्ये आत्महत्या केली. पुढे सकीना गेली आणि २०१७ मध्ये अली रझाही एकटाच वारला.

२०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या एलेन बॅरी यांनी इंग्लंडात बेगमचा थोरला मुलगा शोधून काढला. त्यांच्या तपासात कळलं की बेगमचा नवरा लखनौ विद्यापीठात रजिस्ट्रार होता. फाळणीनंतर कुटुंब पाकिस्तानात गेलं आणि तिथे बेगमला काही काळ मनोरुग्णालयात ठेवलं गेलं. नवाबी रक्ताचा पुरावा मिळाला नाही. तरी तिला नुसती भामटी म्हणायला मन धजत नाही. लखनौमधलं सुटलेलं घर खरंच होतं. पण फाळणीतल्या असंख्य निर्वासितांपैकी एक म्हणून ती स्टेशनवर बसली असती, तर हमालानेही वळून पाहिलं नसतं. राणी म्हटल्यावर मंत्रालयातून माणसं आली.

दिल्ली पर्यटन विभागाने २०२३ मध्ये भुताटकीच्या सहली सुरू केल्या, त्यांची सुरुवात मालचापासूनच केली.