तुरीचं पोतं आणि फाइलचे बाइट

आपल्या कलबुर्गीतल्या अनेक घरांतली मुलं-मुली आज पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत संगणकाच्या कामात आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांची पहिली भाषा पायथॉन. लिहायला सोपी, पण चालायला सावकाश. मी याच भाषेत फाइल वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लायब्ररी लिहितो. वेग कुठे मिळवायचा आणि त्याची किंमत कशात मोजायची, हा प्रश्न त्या कामात रोज पडतो.

गंजातली तूर डोळ्यांसमोर आणा. एकेक दाणा उचलून आणला तर जन्म जाईल. सगळं पीक एकाच खेपेत आणायचं तर तेवढी मोठी गाडी हवी. म्हणून आपण पोती भरतो. फाइलचंही तसंच आहे. एकेक बाइट मागितला तर दर वेळी फंक्शन बोलावण्याचा खर्च पडतो आणि अख्खी फाइल एकदम उचलली तर मेमरी भरते. म्हणून पायथॉन आतल्या आत पोत्याने वाचते. अनेक वर्षं या पोत्याचं नेहमीचं माप ८१९२ बाइट होतं.

ही पोती भरणारं कोण, यानेही मोठा फरक पडतो. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३.० आली, तेव्हा तिची फाइल हाताळणारी नवी लायब्ररी बहुतांशी पायथॉनमध्येच लिहिलेली होती. ती इतकी संथ निघाली की जून २००९ च्या ३.१ मध्ये ती सी भाषेत पुन्हा लिहावी लागली. कामानुसार ती २ ते २० पट वेगवान झाली. मूळ पायथॉन आवृत्ती मात्र टाकली नाही. ती वाचून समजते, बदलून पाहता येते. सी मध्ये वेग मिळतो, पण दुरुस्ती अवघड होते आणि प्रत्येक प्रकारच्या यंत्रासाठी कोड वेगळा बांधावा लागतो.

आता आपल्या लिपीकडे येऊ. ‘गुलबर्गा’ हे नाव रोमन लिपीत ८ बाइटांत मावतं. देवनागरीत आपल्याला चार अक्षरं दिसतात, पण यूटीएफ-८ मध्ये काना, उकार, हलन्त धरून ८ चिन्हं होतात आणि प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे २४ बाइट लागतात. कन्नडचंही माप तेच. ८१९२ ला ३ ने भागलं तर २ उरतात. म्हणजे सलग देवनागरी मजकुरात पोत्याचं तोंड एखाद्या चिन्हाच्या मधोमधच बांधलं जातं!

फाइल मजकूर म्हणून उघडली तर पायथॉन ते उरलेले बाइट सांभाळून पुढच्या पोत्याला जोडते. वेगासाठी कच्चे बाइट वाचायचे ठरवलं, तर ही जबाबदारी आपली. प्रत्येक पोतं वेगळं उलगडलं आणि ‘चूक दिसली तर सोडून दे’ असं सांगितलं, तर कार्यक्रम झरझर चालतो, कुठेही थांबत नाही आणि सभासद-यादीतल्या ‘शांता’ची ‘शाता’ होते. तक्रार करायला ती आजी आज हयातही नसते.

म्हणून नव्याने लिहिणाऱ्यांना एवढंच सांगेन: आधी वेळ मोजा, मग कोड बदला. नुसती नक्कल करायची असेल तर बाइट उलगडूच नका. मजकूर वाचायचा असेल तर ओळीओळीने वाचा आणि यूटीएफ-८ स्पष्ट लिहा. पोती स्वतः भरायचीच असतील तर उरलेले बाइट लक्षात ठेवणारा डीकोडर वापरा. त्याने थोडा वेळ जाईल, पण जुन्या वह्यांतून उतरवलेली आपल्या माणसांची नावं शाबूत राहतील.